तक्रार एक, कारणं तीन

वसई पूर्वेला गोखिवऱ्यापासून सातिवलीपर्यंत गाळ्यांच्या रांगाच रांगा आहेत. कुठे लेथ चालते, कुठे प्लास्टिकचे साचे निघतात, कुठे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात. त्यातल्याच एका गाळ्यात नानांचं गॅरेज होतं. नानांची उमेदीची वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे दुकान मांडलं आणि हाताखाली एक मुलगा घेतला. आयटीआय करून आलेला, अंगानं किरकोळ, म्हणून सगळे त्याला बारक्या म्हणत.

बारक्याचा हात चांगला होता. नट कुठे अडलाय, कुठला पाना बसेल, हे त्याला बघताक्षणी कळायचं. गिअरबॉक्स उतरवून, उघडून, परत जसाच्या तसा बसवायला तो नुकताच शिकला होता, आणि शिकलेलं करून दाखवायला त्याचे हात शिवशिवत होते. गाडी गॅरेजात शिरली की त्याची नजर आधी जॅककडे जायची.

नानांची एक पद्धत होती. काउंटरवर एक लांब वही असायची आणि तिच्या प्रत्येक पानावर दोन रकाने आखलेले असायचे. डाव्या रकान्यात 'गिऱ्हाईक काय म्हणालं', उजव्यात 'काय सापडलं'. डावा रकाना गाडीला हात लावायच्या आधी भरायचा आणि उजवा काम संपल्यावर. बारक्याला हे लिहिणं म्हणजे वेळेचा खोळंबा वाटायचा.

पावसाळा ऐन भरात होता. एका सकाळी भुईगावचे एक बागायतदार आपली छोटी मोटार घेऊन आले. वाडीतला सोनचाफा आणि पालेभाजी रोज पहाटे वसई रोड स्टेशनवर पोचवायची, तिथून माल लोकलनं दादरला जायचा. गाडी अडली की फुलं सुकणार आणि त्या दिवसाचा बाजार बुडणार.

"नाना, गिअर पडत नाही," ते म्हणाले. "फर्स्ट टाकताना हात भरून येतो. रिव्हर्स टाकला की करकर वाजतो. एका ठिकाणी दाखवली तर म्हणाले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, क्लचचा अख्खा संच बदलायचा. खर्च ऐकून परत फिरलो."

बारक्या जॅक आणायला निघालाच होता. नाना म्हणाले, "आधी वही."

बारक्यानं डाव्या रकान्यात लिहिलं : 'क्लच प्लेट खराब'.

नानांनी वाचलं. "हे काकांनी सांगितलं?"

"नाही, पण तेच असणार ना."

"मग हा तुझा निकाल झाला. त्यांची तक्रार कुठे आहे?" नानांनी ती ओळ खोडली आणि त्याच्याकडून लिहून घेतलं : 'गिअर पडत नाही. फर्स्ट जड. रिव्हर्सला करकर.'

मग ते म्हणाले, "आता गाडीत बस. इंजिन बंद ठेव. क्लच दाब आणि एकेक गिअर टाकत जा."

फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ, टॉप, रिव्हर्स. सगळे लोण्यासारखे पडले. बारक्याला नवल वाटलं.

"आता इंजिन चालू कर. न्यूट्रलला राहू दे जरा. क्लच पुरता दाबून धर, मनात पाच अंक मोज आणि मग रिव्हर्स टाक."

करकर आवाज आला. गिअरचा रॉड हाताला उसळी मारून परत आला.

"काय कळलं?" नानांनी विचारलं.

"गिअरबॉक्समध्ये काहीतरी..."

"इंजिन बंद होतं तेव्हाही हाच गिअरबॉक्स होता. हाच रॉड होता, हेच दात होते. तेव्हा का नाही अडला? फरक काय पडला तेवढा सांग."

बारक्या थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इंजिन फिरत होतं."

"बरोबर. इंजिनाची गती गिअरबॉक्सकडे जाते ती क्लचमधून. पेडल दाबलं की क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटायला हवी आणि मग आतला शाफ्ट थांबायला हवा. पाच अंक मोजून झाले तरी रिव्हर्स वाजला, म्हणजे शाफ्ट थांबलेला नाही. क्लच पुरता सुटत नाहीये. पुढच्या गिअरांना वेग जुळवून देणारा सिंक्रो असतो, ते थोडंफार सांभाळून घेतात. बहुतेक गाड्यांत रिव्हर्सला तो नसतो, म्हणून रिव्हर्स आधी ओरडतो."

"मग क्लच तर गिअरबॉक्सच्या मागे बसलेला आहे. म्हणजे उतरवायलाच लागणार ना?" बारक्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

"क्लच आत आहे, पण त्याला सोडवणारा पाय बाहेर आहे. पायापासून निघ. आधी पाय, मग पेडल, मग केबल, मग फोर्क, बेअरिंग आणि सगळ्यात शेवटी प्लेट. ज्या कडीला हात पोचतो ती आधी बघायची."

नाना दरवाजा उघडून गुडघ्यावर बसले आणि त्यांनी पेडलखाली हात घातला. वाडीतल्या चिखलानं गाडी खराब होऊ नये म्हणून बागायतदारांनी खाली दुमडून गोणपाट अंथरलं होतं. त्यावर नवी जाडजूड मॅट. पेडल तळाला जायच्या आत मॅटवर टेकत होतं, आणि पावसानं भिजून फुगलेलं गोणपाट ते आणखी वर उचलत होतं. नानांनी दोन्ही बाहेर काढलं. मग केबलचा नट बघितला. पेडलला मोकळी चाल हवी त्यापेक्षा खूप जास्त झाली होती, म्हणजे पायाचा अर्धा दाब केबलची ढील काढण्यातच जात होता. त्यांनी गाडीच्या पुस्तकातलं माप बघून ती जुळवली.

"आता टाक रिव्हर्स."

रिव्हर्स आवाज न करता पडला.

बागायतदारांचा चेहरा उजळला. "एवढंच होतं?"

"एवढंच होतं. चिखलासाठी पातळ रबरी मॅट घ्या आणि ती हुकात अडकवा, पुढे सरकता कामा नये. पेडलखाली काही म्हणजे काही ठेवायचं नाही. वरसावे पुलाच्या कोंडीत अडकलात तर न्यूट्रल करून पाय खाली ठेवत जा. पेडलवर पाय ठेवून बसलं की बेअरिंग फुकट झिजतं."

नानांनी तपासणीचे आणि केबल जुळवण्याचे पैसे घेतले. सुटा भाग एकही लागला नव्हता, पण शोधणं हेही काम आहे आणि त्याचा दाम घ्यायला लाजायचं नाही, असं ते बारक्याला नेहमी सांगत. शोधण्याचे पैसे मिळाले नाहीत तर माणूस न लागणारे भाग बदलून ते वसूल करायला लागतो, हे त्यांनी बाजारात पाहिलं होतं.

बारक्यानं त्या दिवशी एक धडा घेतला. त्याला वाटलं, नाना सांगतात ते एवढंच : मोठं काही नसतं, कारण साधंच असतं. गोणपाट आणि केबल.

काही दिवसांनी नाना एका लग्नाला गेले होते. दुकानात बारक्या एकटाच होता. अर्नाळ्याहून मासळीचा व्यापार करणारे एक दादा आले.

"गिअर पडत नाही रे," ते म्हणाले. "जोर लावून लावून खांदा दुखायला लागलाय."

बारक्या मनात हसला. त्यानं वही उघडलीच नाही. सरळ दरवाजा उघडून पेडलखाली हात घातला. मॅट पातळ होती आणि जागेवर होती. मग केबल असणार. पेडलची मोकळी चाल ठीकच होती, पण तो म्हणाला, जरा आवळली की क्लच आणखी सुटेल. त्यानं नट आवळत नेला, इतका की पेडलला चालच उरली नाही. दादांनी फर्स्ट टाकून बघितला. त्यांना वाटलं, थोडा फरक आहे. पैसे देऊन ते निघून गेले.

दोन दिवसांत गाडी परत आली. या खेपेला नाना दुकानात होते. दादा वैतागले होते. "गिअर तर तसाच जड आहे. वर आता चढावर इंजिन नुसतं गुरगुरतं, गाडी ओढत नाही. आणि जळका वास येतो."

नानांनी बोटानं पेडल दाबून बघितलं आणि बारक्याकडे वळले. "मोकळी चाल का ठेवतात, सांग."

बारक्या खाली बघत राहिला.

"चाल संपली की रिलीज बेअरिंग सतत टेकलेलं राहतं. पाय ठेवला नाही तरी प्लेटवरचा दाब कमी झालेला असतो. प्लेट पकडत नाही, घसरते, तापते, जळते. दादा गाडी घेऊन आले तेव्हा त्यांना एक त्रास होता. तू दुसरा लावून दिलास."

त्यांनी वही उघडली. त्या तारखेला त्या गाडीचं नाव नव्हतं.

"तक्रार तीच होती नाना," बारक्या कसाबसा म्हणाला.

"तक्रार तीच होती. गाडी तीच होती का?"

बारक्याकडे उत्तर नव्हतं. नाना आवाज न चढवता पुढे म्हणाले, "आपल्याकडे पावसाळ्यात घरटी एक तापाचा माणूस असतो. ताप सगळ्यांचा सारखाच. पण कुणाला मलेरिया निघतो, कुणाला डेंग्यू, कुणाला लेप्टो. चांगला डॉक्टर काय करतो? आधी रक्त तपासतो. शेजारणीच्या चिठ्ठीवरचं औषध याला देत नाही. तू भुईगावच्या काकांचं औषध अर्नाळ्याच्या दादांना दिलंस. बस गाडीत. इंजिन बंद."

बारक्या बसला. क्लच दाबून त्यानं फर्स्ट टाकायचा प्रयत्न केला. रॉड अडखळत, खरखरत गेला. सेकंडला तर दोन्ही हात लावायची वेळ आली. इंजिन बंद, गाडी उभी, आतलं काहीही फिरत नव्हतं, तरी गिअर जड होता.

आता त्याला स्वतःलाच कळलं. "म्हणजे क्लचचा संबंधच नाही."

"नाही. भुईगावच्या गाडीत फिरणारं इंजिन गुन्हेगार होतं. इथे इंजिन झोपलेलं आहे तरी त्रास आहेच. मग त्रास कुठून कुठपर्यंतच्या वाटेवर असेल?"

"रॉडपासून गिअरबॉक्सच्या आतपर्यंत."

"वाट लांब आहे. मधोमध तोड."

नानांनी त्याला बॉनेट उघडायला लावलं. या गाडीत रॉड आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या दोन केबली होत्या, एक आडवी चाल देणारी, एक उभी. बारक्यानं क्लिपा काढून दोन्ही केबली गिअरबॉक्सवरच्या हातांपासून सोडवल्या. मग गिअरबॉक्सवरचा हात नुसत्या बोटांनी हलवला. खट्. एक गिअर पडला. खट्. दुसरा. आत कुठेही अडत नव्हतं.

"गिअरबॉक्स सुटला," नाना म्हणाले. आरोपातून, असा त्यांचा अर्थ होता. "आता आत जाऊन रॉड हलव."

केबलीचं टोक मोकळं सुटलेलं होतं, तरीही रॉड जड होता. आडवी चाल देणारी केबल सैल हलत होती, पुढे-मागे ओढणारी मात्र नळीतच धरून बसली होती. बारक्यानं ती बाहेर काढली. एका टोकाचं रबरी बूट फाटलं होतं, आणि नळीच्या तोंडातून तांबूस भुकटी गळली. गाडी रोज किनाऱ्यालगत उभी राहायची. पाठीमागच्या मासळीच्या क्रेटमधून वितळलेल्या बर्फाचं खारं पाणी जमिनीवर सांडून पुढे यायचं आणि ज्या भोकातून केबल खाली उतरते तिथेच साचायचं. खारं पाणी एकदा नळीत शिरलं की बाहेर येत नाही, आतल्या तारेला गंज चढतो आणि ती नळीत रुतत जाते.

नवी केबल बसवली, पेडलची चाल मापात आणली. क्लच प्लेट दोनच दिवस घसरली होती, ती वाचली. नानांनी केबलीचे आणि ती बसवण्याचे पैसे घेतले, आणि बारक्यानं आधी घेतलेले पैसे दादांना परत केले. "क्रेटखाली काठाचा ट्रे ठेवा," त्यांनी सांगितलं, "आणि पाणी रोज उपसून टाका. नाहीतर ही केबलही तशीच धरेल."

त्या संध्याकाळी बारक्यानं स्वतःहून वही घेतली आणि राहिलेलं पान भरलं. डाव्या रकान्यात भुईगावच्या आणि अर्नाळ्याच्या गाड्यांची वाक्यं जवळजवळ सारखीच होती. उजव्या रकान्यात एका ओळीचा दुसरीशी काही संबंध नव्हता. त्यानं ते दोनतीनदा वाचलं.

श्रावणात विरारहून एक शिक्षिका आल्या. त्यांची शाळा वाड्याच्या बाजूला होती. शिरसाडवरून वज्रेश्वरी, अंबाडी असा रोजचा रस्ता, खड्डे आणि चढउतार.

"गिअर पडत नाही," त्या म्हणाल्या.

नाना खुर्चीवरून उठले नाहीत. बारक्यानं वही घेतली आणि विचारलं, "सगळेच पडत नाहीत का ताई, की एखादाच?"

त्या विचार करून म्हणाल्या, "खरं तर एकच. थर्डवरून सेकंड टाकताना. बाकी ठीक आहेत. जोर केला तर करकर वाजतो. सकाळी गाडी गार असताना जास्त."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षी एका ठिकाणी सर्व्हिसिंग केलं तेव्हा असं नव्हतं. त्यानंतर हळूहळू वाढत गेलं."

"तेव्हा गिअर ऑइल बदललं होतं?"

"हो. बिल असेल गाडीतच."

बारक्यानं सगळं जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तो गाडीत बसला. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकले. सेकंडसकट सगळे अलगद पडले, म्हणजे रॉड आणि केबली ठीक. इंजिन चालू करून क्लच दाबला, पाच अंक मोजले, रिव्हर्स टाकला. आवाज नाही, म्हणजे क्लच पुरता सुटतोय. पेडलखाली त्यानं तरीही हात घालून बघितला. काही नव्हतं. मग ताईंना शेजारी बसवून तो ट्रायलला निघाला. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर थर्डवरून सेकंड टाकला. करकर. आता त्यानं वेगळं केलं. क्लच दाबून न्यूट्रल केलं, क्लच सोडला, ॲक्सिलरेटरला हलका टोला दिला, पुन्हा क्लच दाबला आणि सेकंड टाकला. गिअर निमूट पडला.

परत आल्यावर त्यानं नानांना सगळं सांगितलं. "डबल क्लच मारला की पडतो."

नानांचे डोळे चमकले. डबल क्लच हा त्यांच्या तरुणपणाचा शब्द होता. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं जड गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नसायचा. वेगळ्या वेगानं फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकवायचे तर आधी त्यांचा वेग जुळवावा लागतो, आणि ते काम ड्रायव्हर पायानं आणि कानानं करायचा. घाटात ज्याचा डबल क्लच चुकायचा नाही त्याला डेपोत मान असायचा. परदेशात कॅडिलॅकनं 1928 साली सिंक्रोमेश आणला आणि वेग जुळवण्याचं काम पुढे एका छोट्या पितळी रिंगेवर सोपवलं गेलं. गिअर टाकताना ही रिंग आधी गिअरच्या निमुळत्या कोनावर घासते, दोघांचा वेग एक करते आणि मगच दातांना एकमेकांत शिरू देते. रिंग झिजली की ती पकडत नाही आणि दात दातांवर आदळतात.

"म्हणजे?" नानांनी विचारलं.

"म्हणजे माझा पाय जे काम करतोय ते आतली रिंग करत नाहीये. सेकंडची सिंक्रो रिंग."

"साक्ष?"

बारक्यानं गिअर ऑइल काढून पांढऱ्या ट्रेमध्ये घेतलं आणि ट्रे दाराशी उन्हात धरला. तेलात सोनेरी भुकटी चमकत होती. लोखंडाचा चुरा असता तर चुंबकानं ओढला असता. ही भुकटी चुंबकाला दाद देत नव्हती. पितळच ते. मग त्यानं बिल बघितलं. त्यावर जीएल-5 दर्जाचं ऑइल लिहिलं होतं. गाडीच्या पुस्तकात जीएल-4 सांगितलं होतं. आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असं कुणालाही वाटेल. पण जीएल-5 मुख्यतः डिफरन्शियलच्या जड दाबासाठी असतं. त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं जास्त असतात, आणि त्यांतली काही पितळेला सोसत नाहीत. शिवाय त्या निसरड्या तेलात रिंगेला घासून पकड घेता येत नाही. ज्या रिंगेचं कामच घासायचं, तिलाच घसरायला लावलं होतं.

इथवर सगळं चोख झालं होतं. पण पुढचं वाक्य बारक्याच्या तोंडून निघेना. तो नानांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "नाना, नुसतं ऑइल बदलून देऊ का? गिअरबॉक्स उघडायचा म्हणजे ताईंना मोठा खर्च आहे. मागच्या दोन्ही वेळा उघडायची गरज नव्हती."

नाना म्हणाले, "ऑइल तर बदलायचंच. पण झिजलेलं पितळ नव्या ऑइलनं परत येतं का?"

"नाही."

"तुझ्या तपासणीत कुठे शंका आहे?"

बारक्यानं मनात सगळं पुन्हा तपासलं. "नाही."

"मग घाबरतोस कशाला? त्या दोन गाड्या उघडायच्या नव्हत्या, ही उघडायची आहे. पहिल्यांदा तुला मोठं उत्तर हवं होतं कारण तुला हात दाखवायचा होता. आता तुला छोटं उत्तर हवंय कारण तुला ताईंना वाईट बोलायचं नाही. दोन्ही वेळा तू आपल्या मनाला विचारतोयस. गाडीला विचार. तिनं सांगितलंय ना?"

बारक्या ताईंकडे गेला. त्यानं ट्रेमधली चमक दाखवली, पुस्तकाचं पान आणि बिल शेजारी शेजारी ठेवलं, आणि गिअरबॉक्स का उघडावा लागणार हे सांगितलं. काम लांबवलं तर घासणारे दात खराब होतील आणि मग नुसत्या रिंगेवर भागणार नाही, हेही सांगितलं. ताईंनी दोनतीन प्रश्न विचारले. त्यांना उत्तरं पटली. पगार झाला की आठवड्याभरात गाडी ठेवते, म्हणाल्या. तोवर शाळा चुकवता येणार नव्हती. बारक्यानं योग्य ऑइल भरलं, आणि नानांनी स्वतः शेजारी बसून त्यांना डबल क्लच शिकवला. एसटीच्या घाटातली विद्या वाड्याच्या रस्त्यावर अशी कामाला आली.

ठरल्या दिवशी बारक्या लोकलनं चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाउसच्या बाजारातून रिंगा घेऊन आला. गिअरबॉक्स उतरला. सेकंडची जुनी रिंग त्यानं कोनावर दाबून बसवली आणि रिंग व गिअर यांच्या मधल्या फटीत फीलर गेजची पाती घालायला गेला. फटच उरली नव्हती, सगळ्यात पातळ पातीही जाईना. नवी रिंग बसवली तेव्हा पाती सहज सरकली. बाकीच्या रिंगाही त्यानं एकेक करून मोजल्या. थर्डची रिंग मर्यादेच्या जवळ आली होती. बॉक्स उघडलेलाच आहे तर तीही बदलावी का, हे ताईंना फोन करून विचारलं आणि त्यांच्या होकारानंतरच बदलली. उरलेल्या चांगल्या होत्या, त्यांना हात लावला नाही.

गाडी घ्यायला ताई आल्या तेव्हा थर्डवरून सेकंड टाकताना त्यांचा हात सवयीनं थबकला. गिअर पडला होता.

वहीच्या डाव्या रकान्यात आता एकाखाली एक तीन गाड्या होत्या आणि तिघांच्याही तोंडी पहिलं वाक्य एकच होतं. उजवीकडे लिहिलं होतं : पेडलखाली गोणपाट आणि केबल सैल, खाऱ्या पाण्यानं धरलेली गिअर केबल, चुकीच्या तेलानं झिजलेली सिंक्रो रिंग. तिन्ही गाड्यांना एकच इलाज केला असता, मग तो मोठा असो की छोटा, तर तिघांतल्या दोघांची फसवणूकच झाली असती, आणि करणाऱ्याला आपण फसवतोय याचा पत्ताही लागला नसता.

या कथेचा बोध इथेच आहे. अज्ञानानं जेवढं नुकसान होतं, तेवढंच कालच्या अनुभवावर डोळे मिटून विसंबण्यानंही होतं. बारक्याला तपासणी येत नव्हती तेव्हा तो उघडायला धावला. थोडं कळल्यावर तो न उघडण्यावर अडून बसला. दोन्ही वेळा उत्तर आधी ठरलं होतं आणि गाडी नंतर आली होती. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. वर्गातली दोन मुलं गणितात मागे पडतात. एकाला फळा दिसत नसतो, दुसऱ्याच्या घरी रात्री अभ्यासाला जागा नसते. दोघांनाही 'लक्ष देत नाही' असा एकच शेरा मिळतो.

म्हणून त्रास सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ऐकावेत. मग असा प्रश्न विचारावा की अर्ध्या शक्यता एका झटक्यात बाजूला होतील. हात पोचेल ती कडी आधी तपासावी. आणि तपासणीतून जे निघेल ते, छोटं असो वा मोठं, सांगायला सोपं असो वा अवघड, समोरच्याला पुराव्यासकट सांगावं. समोरचा माणूस आपल्या हाती नुसती गाडी देत नाही. भुईगावचा सोनचाफा, अर्नाळ्याची मासळी, वाड्याच्या शाळेची घंटा हे सगळं त्या गाडीबरोबर तो आपल्या भरवशावर सोपवून जातो. त्या भरवशाला जागायचं तर प्रत्येक गाडीसाठी वहीचं पान कोरं उघडावं लागतं.